कीलचं विरजण: लोण्याच्या चवीमागचे जिवाणू आणि हेर्मान वाइगमान

पुण्या-मुंबईतल्या जरा महागड्या दुकानांत हल्ली 'कल्चर्ड बटर' नावाची वडी मिळते. नेहमीच्या पिवळ्या खारट बटरपेक्षा महाग. पहिल्यांदा खाणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो, हे जरा आंबूस का लागतंय? दह्याच्या डब्यावरही घटकांच्या यादीत 'अ‍ॅक्टिव्ह कल्चर' असं छापलेलं असतं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, की ही कसली पावडर दह्यात घालतात?

पावडर कसली, विरजणच ते. फरक एवढाच, की घरच्या विरजणात कोण कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. डेअरीच्या विरजणातला जिवाणू मात्र पारखून, निवडून, वेगळा वाढवलेला असतो. विरजण असं निवडून वापरायची रीत १८९० च्या सुमारास उत्तर जर्मनीतल्या कील शहरात आणि जवळपास त्याच वेळी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला सुरू झाली. कीलमध्ये ती रुजवणारे संशोधक म्हणजे हेर्मान वाइगमान (१८५६–१९५०). पाश्चर किंवा कॉख यांच्यासारखं त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही. मात्र आज मोठ्या डेअरीत दही, बटर किंवा चीज ज्या शिस्तीने लागतं, ती शिस्त बसवणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ते होते.

त्यांनी केलं काय, ते का करावं लागलं, आणि त्या 'शुद्ध' विरजणाने काय कमावलं नि काय गमावलं, हे पाहायचं तर सुरुवात दुधापासूनच करावी लागेल.

दूध आंबतं म्हणजे होतं काय

दुधात साधारण साडेचार ते पाच टक्के साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. काही जिवाणू ही साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढत गेलं की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही, त्याचे कण एकमेकांना धरतात आणि दूध घट्ट होतं. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की दही लागलेलं असतं.

हेच आम्ल दह्याचं राखणदारही असतं. दूध नासवणाऱ्या आणि आजार पसरवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना इतकं आंबट मानवत नाही. त्यामुळे बाहेर राहिलेलं दूध दुसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागतं, तेव्हा दही मात्र खाण्याजोगं असतं.

हे काम जिवंत जीव करतात, असं ठामपणे सांगितलं लुई पाश्चर यांनी, १८५७ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरात काम करत असताना. तोवर लीबिगसारखे नाणावलेले रसायनशास्त्रज्ञ हे सगळं निव्वळ रासायनिक कुजणं मानत होते. पुढे १८७०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ लिस्टर यांनी, म्हणजे शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारे तेच लिस्टर, आंबलेलं दूध पातळ करत करत इतकं पातळ केलं, की एका थेंबात जेमतेम एक जिवाणू उरावा. असा थेंब उकळून निर्जंतुक केलेल्या दुधात टाकला, की ते दूध त्या एकाच जातीच्या जिवाणूने आंबत असे. त्यांनी त्या जिवाणूला 'बॅक्टेरियम लॅक्टिस' म्हटलं. आज तो 'लॅक्टोकॉकस लॅक्टिस' या नावाने ओळखला जातो, आणि या लेखाचा खरा नायक बहुधा तोच आहे.

विरजण संपलं की आपल्याकडे कोमट दुधात हिरव्या मिरचीचं देठ टाकून ठेवतात. दही लागतं, कारण देठावरचे आणि दुधात आधीच असलेले जिवाणू वाढतात. त्यातले कुठले पुढे जातील याचा मात्र भरवसा नसतो. एखाद्या वेळी छान दही मिळतं, एखाद्या वेळी वास येणारं काहीतरी. पहिलं दही जेमतेम जमलं तर त्याचंच विरजण पुन्हा एक-दोनदा लावून ते 'सुधारून' घेतात. प्रत्येक फेरीला आम्ल सोसणारे जिवाणू वरचढ होतात आणि बाकीचे मागे पडतात, म्हणून ते सुधारतं. निवडच आहे ही, फक्त डोळे झाकून केलेली.

यंत्र आलं आणि साय आंबायची राहिली

कील हे बाल्टिक समुद्रावरचं बंदर, श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातलं. दूध-लोण्याचा मुलूख, आणि सीमेपलीकडे डेन्मार्क, तोही तसलाच. दोघांचीही नजर इंग्लंडच्या बाजारावर. कारखान्यांत काम करणाऱ्या इंग्लंडला लोणी हवं होतं आणि पैसे मोजायची तयारी होती.

पूर्वी या भागात दूध पसरट भांड्यांत थंड जागी ठेवून साय वर येऊ देत. त्याला दिवस, दीड दिवस लागे आणि तेवढ्यात साय आपोआप आंबूस होई. आंबूस साय घुसळली की लोणी लवकर निघतं, जास्त निघतं आणि त्याला तो खास वास येतो. म्हणजे आंबवणं हा वेगळा टप्पा नव्हताच. वाट पाहण्यातच तो उरकत होता.

१८७७-७८ च्या सुमारास चित्र पालटलं. जर्मनीत विल्हेल्म लेफेल्ट यांनी आणि स्वीडनमध्ये गुस्ताफ दे लाव्हाल यांनी दूध गरगर फिरवून साय वेगळी काढणारी यंत्रं बनवली. दीड दिवसाचं काम काही मिनिटांवर आलं. पण यंत्रातून निघालेली साय ताजी, गोडी. तिला आता मुद्दाम आंबवावं लागणार होतं, आणि कशाने आंबवायचं हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला. उत्तर सोपं वाटलं: कालचं ताक घाला. आपलं ताक बिघडलं असेल तर शेजारच्या चांगल्या डेअरीतून आणा.

हे काही दिवस चाले आणि मग बिनसे. सहकारी डेअऱ्या उभ्या राहू लागल्या होत्या. डेन्मार्कमधली पहिली १८८२ ची, येडिंग गावातली. अशा डेअरीत कितीतरी गोठ्यांचं दूध एकत्र होई. एका गोठ्यातल्या घाणेरड्या बादलीतले जिवाणू आता सगळ्या गावाच्या लोण्यात उतरत. लोणी कधी कडवट, कधी तेलकट, कधी सलगमसारख्या वासाचं. ताकातून तोच दोष उद्याच्या सायीत आणि परवाच्या सायीत जाई. त्यातच १८६९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेलं मार्गारिन बाजारात शिरलं होतं. स्वस्त, आणि रोज एकाच चवीचं. लोण्याला त्याच्यासमोर टिकायचं तर रोज वेगळी चव परवडणारी नव्हती.

कीलमधली प्रयोगशाळा

कीलमध्ये १८७७ पासून दुग्धव्यवसायासाठी एक प्रयोग-केंद्र होतं. १८८९ मध्ये तिथल्या जिवाणुशास्त्र विभागाची सूत्रं वाइगमान यांच्याकडे आली. पुढे अख्ख्या केंद्राची धुराही त्यांनीच सांभाळली.

वेळ अगदी जुळून आली होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये जिलेटिनच्या घट्ट थरावर जिवाणू वाढवून दाखवले होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी, स्वयंपाकातल्या अनुभवावरून, जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार-अगार सुचवलं होतं. १८८७ मध्ये युलिउस पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी आणली. पटकी आणि क्षयाच्या जंतूंसाठी बनलेली ही सगळी हत्यारं आता दुधाकडे वळवता येणार होती. फर्डिनांड ह्युपे यांनी १८८४ मध्ये आंबलेल्या दुधावर ती चालवूनही पाहिली होती. डेअरीच्या रोजच्या कामात ती आणायची बाकी होती.

पद्धत अशी. चांगल्या लोण्याच्या डेअरीतली आंबूस साय किंवा ताक घ्यायचं. निर्जंतुक पाण्यात ते हजारो पट पातळ करायचं. त्यातला थेंब वितळलेल्या जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर ओतायचा. थर गोठला की एकेक जिवाणू जागच्या जागी अडकतो, तिथेच दुपटी-दुपटीने वाढतो आणि दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. एका ठिपक्यातले सगळे जिवाणू एकाच पूर्वजाचे. प्लॅटिनमची तार ज्योतीत लाल करून, निववून, तिच्या टोकाने ठिपक्याला स्पर्श करायचा आणि ती निर्जंतुक दुधाच्या नळीत बुडवायची. दुसऱ्या दिवशी नळीतलं दूध घट्ट झालं का, किती वेळात झालं, वास कसा येतो, चव स्वच्छ आंबट आहे की मागे कडवटपणा राहतो, हे पाहायचं. ठिपके कितीतरी, नळ्याही तितक्याच. त्यातून निवडक जिवाणू राखायचे आणि त्यांनी साय आंबवून प्रत्यक्ष लोणी करून बघायचं.

एकाच पूर्वजापासून वाढवलेल्या अशा जिवाणूंच्या वाणाला शुद्ध कल्चर म्हणतात. 'शुद्ध' याचा इथे सोवळ्याशी किंवा भेसळीशी संबंध नाही. त्यात दुसरी जात मिसळलेली नाही, इतकाच अर्थ.

१८९० मध्ये कीलची शुद्ध कल्चर्स सायीत वापरली जाऊ लागली. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये विल्हेल्म स्टोर्क यांनी याच विषयावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. पहिला मान कुणाचा, यावर दोन्ही देशांत थोडी ओढाताण होणं साहजिकच. मला त्यात फारसा रस वाटत नाही. हत्यार एकच, अडचण एकच आणि बाजारही एकच असताना दोघांनी एकदमच तिथे पोचणं यात नवल कसलं?

वाइगमान यांचं दुसरं काम जास्त दुर्लक्षित राहिलं, आणि मला तेच जास्त आवडतं. बिघडलेल्या दुधाचा माग काढायचं काम. एक उदाहरण 'साबणासारख्या' दुधाचं. दुधाला साबणाची चव यायची, ते नीट आंबायचं नाही, घुसळताना फेस यायचा. वाइगमान आणि त्यांचे सहकारी झिर्न यांनी १८९४ च्या सुमारास त्यातून एक जिवाणू वेगळा केला आणि तो कुठून येतो हे गोठ्यापर्यंत जाऊन शोधलं. गाईंच्या खाली अंथरलेल्या पेंढ्यात तो सापडला. पेंढा बदला, दोष जातो. शेतकऱ्याला जिवाणूचं लॅटिन नाव कळायची गरज नव्हती, पेंढा कळत होता.

चीज पिकण्याच्या वादातही ते होते. चीजला चव कोण आणतं, प्रथिन पचवणारे जिवाणू की आम्ल करणारे, यावर फ्रान्समधले द्युक्लो आणि स्वित्झर्लंडमधले फ्रॉइडेनराइख यांची मतं वेगळी होती. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून बॅबकॉक आणि रसेल यांनी सांगितलं, की दुधात मुळातच असलेलं एक विकर म्हणजे एन्झाइम हेही काम करतं. आज बघता तिघांच्याही पदरात थोडं थोडं माप पडतं. १९११ मध्ये वाइगमान यांचा दुधातल्या सूक्ष्मजीवांवरचा ग्रंथ 'मिकोलॉगी डेर मिल्श' लाइपझिगहून निघाला. पाश्चर यांच्या त्या शोधनिबंधाच्या आदल्या वर्षी जन्मलेला हा माणूस नव्वदी ओलांडून १९५० मध्ये गेला, तोवर पेनिसिलिन औषधाच्या दुकानात पोचलं होतं.

जिवाणू मारायचे आणि पुन्हा जिवाणूच घालायचे?

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही घेतला जातो. दूध तापवून त्यातले जिवाणू मारायचे आणि मग प्रयोगशाळेतले जिवाणू त्यात घालायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

शेताचं उदाहरण घ्या. उत्तम बियाणं आणलं, पण रान तणाने भरलेलं असताना तसंच फेकलं, तर उगवेल काय? आधी तण काढायचं, मग पेरायचं. कच्च्या सायीत लाखोंनी जिवाणू आधीच बसलेले असतात. त्यात निवडक कल्चर टाकलं तर कधी ते जिंकतं, कधी तण. साय तापवून घेतली की रान मोकळं होतं. मग पेरलेलं तेच उगवतं, आणि एकदा आम्ल तयार व्हायला लागलं की नवं तण सहसा डोकं वर काढत नाही.

ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवून रोगजंतू मारण्याच्या या क्रियेला पाश्चरायझेशन म्हणतात. पाश्चर यांनी ती मुख्यत्वे वाइनसाठी काढली. दूध तापवून देण्याचा आग्रह जर्मनीत फ्रान्झ सॉक्सलेट यांनी १८८६ मध्ये तान्ह्या मुलांच्या दुधासाठी धरला. डेअऱ्यांना ती पटायला आणखी एक कारण मिळालं: क्षय. यंत्रातून साय काढून उरलेलं दूध शेतकरी घरी नेऊन वासरांना आणि डुकरांना पाजत. एका आजारी गाईचा क्षय त्यातून सगळ्या गोठ्यांत जाई. डेन्मार्कने १८९८ मध्ये कायदाच केला, की असं दूध तापवल्याशिवाय परत द्यायचं नाही. दूध खरंच तापवलंय का हे ओळखायची चाचणी त्याच वर्षी स्टोर्क यांनी दिली. तापवल्यावर दुधातलं एक विकर निष्क्रिय होतं आणि त्यामुळे रसायन टाकल्यावर येणारा निळा रंग येत नाही.

तापवणं आणि शुद्ध कल्चर असे हातात हात घालून आले. रीत बसली ती अशी: साय तापवा, निववा, कल्चर मिसळा, १८ ते २१ अंशांना रात्रभर ठेवा, सकाळी आंबटपणा मोजा आणि घुसळा. विसावं शतक उजाडलं तोवर डेन्मार्कमधल्या बहुतेक डेअऱ्या हेच करत होत्या, आणि डॅनिश लोणी इंग्लंडच्या दुकानात 'उघडून बघायची गरज नाही' अशा खात्रीने विकलं जाऊ लागलं.

शुद्ध झालं, पण वास कुठे गेला?

आता यातली खरी गंमत. शुद्ध कल्चरचं लोणी स्वच्छ चवीचं होतं, टिकाऊ होतं, रोज सारखं होतं. पण जाणकार ग्राहक म्हणू लागले, की जरा पाणचट लागतं. उत्तम घरगुती लोण्याचा घमघमाट त्याला नाही.

ही नुसती जुन्या चवीची हळहळ नव्हती. एकट्या जिवाणूने आम्ल नेमकं केलं, वास मात्र नाही. मग वास आणणारा जिवाणू शोधायची धावपळ सुरू झाली. अमेरिकेत हर्बर्ट कॉन यांना असा एक सापडल्यासारखा वाटला. कुठे, तर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उरुग्वेहून आलेल्या दुधात! त्याला 'क्रमांक ४१' असं नाव देऊन तो डेअऱ्यांना विकलाही गेला, आणि काही वर्षांनी मागे पडला.

उलगडा व्हायला १९१९ उजाडलं. आयोवातले हॅमर आणि बेली, हॉलंडमधले बूखाउट आणि ऑट द फ्रीस, आणि डेन्मार्कमध्ये तेच स्टोर्क, असे तिघेही स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी आले: चांगल्या विरजणात दोन तऱ्हेचे जिवाणू लागतात. एक साखर खाऊन आम्ल करतो. दुसरा ('ल्यूकोनॉस्टॉक' हे त्यातलं एक नाव) आम्ल फारसं करत नाही, पण दूध आंबट झाल्यावर त्यातलं सायट्रिक आम्ल वापरतो, आणि त्यातून सुवासाचे रेणू बनतात. दुधात हे सायट्रिक आम्ल लिटरमागे दीड-दोन ग्रॅमच असतं, पण लोण्याचा वास तेवढ्यावर उभा आहे. त्यातला मुख्य रेणू डायअ‍ॅसिटिल, हे १९२९ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी दाखवलं.

म्हणजे कीलच्या ठिपक्यांतून एकेक जिवाणू वेगळा काढताना नकळत एक जोडी फुटली होती. आम्ल करणारा जोमदार, त्याचे ठिपके पटकन डोळ्यांत भरतात, नळीतलं दूधही तोच लवकर घट्ट करतो. सुवास देणारा सोबती एकटा ठेवला तर दुधात जेमतेम काही करतो, त्यामुळे निवडीत तो मागे पडणारच. यात वाइगमान यांची चूक काढण्यात अर्थ नाही. वेगवेगळे करून पाहिल्याशिवाय पुन्हा एकत्र कोणाकोणाला आणायचं हे कळलं नसतं. आजची बटर-कल्चर्स मिश्रच असतात, फक्त ते मिश्रण ठरवून केलेलं असतं.

मराठी घरात हा प्रकार नवा नाही. रोजची साय साठवून तिला विरजण लावायचं, सायीचं दही रवीने घुसळायचं आणि गोळा वर आला की थंड पाण्याने धुवायचं. आपलं पांढरं लोणी हे मुळातच 'कल्चर्ड बटर' आहे. ते कढवताना स्वयंपाकघरभर दरवळतं त्यात आंबवण्याचाही वाटा असतो. नेहमीचं पिवळं टेबल बटर मात्र साधारणपणे न आंबवलेल्या सायीचं असतं, म्हणून मीठ असलं तरी त्याला आंबूसपणा नसतो.

डायअ‍ॅसिटिलचं नाव काढलं की कुणीतरी 'पॉपकॉर्नने फुप्फुसं जातात' ही बातमी पुढे करतो. बातमी खोटी नाही. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्याचं उघड झालं. लोण्याच्या स्वादद्रव्याची गरम वाफ ते कामाच्या जागी रोज श्वासावाटे घेत होते. ताकात किंवा लोण्यात हा रेणू दहा लाखांत काही भाग एवढाच असतो आणि तो पोटात जातो. दोन्हींची सांगड घालून ताक सोडायचं काही कारण नाही.

घरचं विरजण वर्षानुवर्षं चालतं, डेअरीचं का मरतं?

काही घरांत सासूने दिलेलं विरजण सून अजून चालवत असते. मग एवढ्या काळजीने निवडलेलं कल्चर डेअरीत अचानक का बसतं?

१९३५ मध्ये न्यूझीलंडमधल्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी याचं कारण शोधलं. चेडर चीजच्या कारखान्यांत कल्चर एकाएकी थंड पडायचं, आम्ल वाढायचंच नाही, हजारो लिटर दूध तसंच पडून. कारण निघालं बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज. जिवाणूंना होणारा विषाणू. तो माणसाला काही करत नाही. पण एक फाज जिवाणूत शिरला की तासाभराच्या आत तो जिवाणू फुटतो आणि डझनांनी, कधी शंभरावर नवे फाज बाहेर पडतात.

शुद्धतेची किंमत इथे चुकवावी लागते. फाज नेमके असतात, एक फाज जिवाणूच्या ठरावीक वाणांनाच लागतो. सगळं दूध एकाच वाणाच्या भरवशावर असेल तर त्या वाणाचा फाज आला की खेळ खलास. घरच्या विरजणात एकाच जातीचे कितीतरी वाण नांदत असतात. एक मेला तर शेजारचा त्याची जागा घेतो. दही थोडं उशिरा लागतं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

हॉलंडमधल्या संशोधकांनी पुढे हे मोजून दाखवलं. डेअऱ्यांत जुन्या पद्धतीने, फाजांच्या सान्निध्यातच चालत आलेली मिश्र विरजणं त्यांनी गोळा केली आणि प्रयोगशाळेत जपून, फाजांपासून लांब वाढवलेल्या विरजणांशी ताडून पाहिली. डेअरीतली विरजणं फाजांना पुरून उरत होती. प्रयोगशाळेत लाडात वाढलेली पटकन कोलमडत होती. आता ती जुनी मिश्रणं गोठवून जपतात आणि जशीच्या तशी वापरतात. बाकीच्या डेअऱ्या वाण आलटून पालटून वापरतात. आज एक, उद्या दुसरा. कल्चरची खोली चीजच्या हौदांपासून दूर ठेवतात, कारण चीजच्या पाण्याचे हवेतले बारीक तुषारसुद्धा फाज नेऊ शकतात.

या फाजांच्या मागावरूनच अलीकडचा एक मोठा शोध लागला. २००७ मध्ये डॅनिस्को या डॅनिश कंपनीच्या फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की योगर्टमधला 'स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस' हल्ला करणाऱ्या फाजाच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी त्यावरून शत्रू ओळखून त्याला कापतो. ही यंत्रणा म्हणजे क्रिस्पर. तिच्यापासून जनुकं कापायची कात्री बनवणाऱ्या इमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मे २०२५ मध्ये भारतात जनुक-संपादित भाताचे जे दोन वाण जाहीर झाले, त्यामागेही हीच कात्री. जिवाणूंत ही यंत्रणा खरंच संरक्षणाचं काम करते, याचा पहिला प्रायोगिक पुरावा दही लावणाऱ्या जिवाणूकडून आला.

आपल्याच मंडळींचं विरजण सोडून परदेशी घ्यायचं का?

'परदेशी कल्चर' हा शब्द ऐकून काहींना हे देशी चवीवरचं आक्रमण वाटतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. कल्चरचा जागतिक व्यापार खरोखरच मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे. डेन्मार्कच्या ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८७४ मध्ये काढलेली कंपनी आधी चीजसाठी दूध साकळवणारं रेनेट विकायची, पुढे कल्चरमध्ये उतरली, आणि २०२४ च्या सुरुवातीला नोव्होझाइम्समध्ये मिसळून 'नोव्होनेसिस' झाली. पण जिवाणू निवडायची विद्या कुणाची मक्तेदारी नाही. हरयाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत डेअरीच्या जिवाणूंचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे. या संस्थेची सुरुवात १९२३ मध्ये बंगळुरूला झाली आणि १९५५ मध्ये ती कर्नालला गेली.

शिवाय 'चांगलं' दही कुठलं, हे जिवाणू ठरवत नाहीत, खाणारे ठरवतात. चमच्याला तार येणारं चिकट दही आपण नाक मुरडून बाजूला सारतो. फिनलंडमध्ये 'व्हीली' हे आंबवलेलं दूध मुद्दाम तसं तार येणारं करतात, आणि ते करणारा वाणही याच लॅक्टोकॉकस कुळातला.

पाकिटातलं दही विरजण म्हणून चालतं का?

बहुतेक वेळा चालतं. पण दही लावल्यावर ते पुन्हा तापवून टिकाऊ केलेलं असेल तर त्यातले जिवाणू मेलेले असतात आणि विरजण लागत नाही. योगर्टच्या डब्यातले जिवाणू ४० ते ४५ अंशांना खुशीत असतात. थंडीत ते ओट्यावर ठेवलेल्या पातेल्यात कुडकुडतात, त्यांना ऊब धरून ठेवणारा डबा किंवा बंद ओव्हन लागतो. देशी दह्यातले लॅक्टोकॉकस २५ ते ३० अंशांवरही निवांत काम करतात.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना पाकिटासारखंच दही येतं. मग चव हळूहळू सरकते. आपल्या चमच्यावरचे, हवेतले, भांड्यातले जिवाणू त्यात शिरतात, आणि कंपनीने जुळवलेलं प्रमाण आपल्या तापमानाला टिकत नाही. डेअऱ्या ठरावीक काळाने गोठवलेलं ताजं कल्चर पुन्हा सुरू करतात ते यासाठीच. घरी चव सरकून आपल्याला आवडेल तिथे थांबली, तर नवं पाकीट आणायची गरज नाही.

'प्रोबायोटिक' लिहिलेल्या डब्याचं वेगळं. तो शब्द ज्या वाणाचे शरीरावरचे परिणाम अभ्यासलेले आहेत आणि जो पुरेशा संख्येने जिवंत आहे, त्याच्यासाठी आहे. त्याचं विरजण लावून घरी केलेल्या दह्यात तोच वाण तितकाच उरेल याची खात्री देता येत नाही. महाग डबा एकदाच आणून वर्षभर त्याचं विरजण चालवणाऱ्यांना दही नक्की मिळतं, डब्यावरचा दावा मिळेलच असं नाही.

आणि कधी सगळं नीट करूनही दूध दुसऱ्या दिवशी दूधच राहतं. पहिला संशय थंडीवर घ्यावा, दुसरा दूध फार गरम असताना विरजण घातलं यावर. दोन्ही नसेल, आणि त्याच रतिबाच्या दुधाचं बाकीच्यांकडेही दही लागत नसेल, तर गाई-म्हशीला प्रतिजैविकं दिल्यानंतर ठरलेले दिवस न थांबता दूध घातलं गेलं असण्याची शक्यता असते. लॅक्टिक जिवाणू पेनिसिलिनला फार लवकर बळी पडतात. इतके, की डेअरीत येणाऱ्या दुधात प्रतिजैविक आहे का हे तपासायच्या काही चाचण्या याच तत्त्वावर चालतात. नळीत जिवाणू टाकून ठेवायचे, आणि ठरल्या वेळात आम्ल होऊन रंग बदलला नाही, तर तो टँकर परत पाठवायचा.